दांतवण, हिराकस आणि मायफळ : एका वाचनाची दुरुस्ती

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्वत्सभेंत आम्हीं एक लहानसें टिपण वाचलें होतें. आमच्या घराण्याच्या दप्तरांतील शके १८३७ ते १८४४ ह्या कालाच्या कीर्दीवरून त्यांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, आमच्या पणजोबांच्या घरीं पोथ्या उतरण्याचें काम चालत असे, त्यासाठीं दोन लेखक पदरीं ठेविलेले होते, आणि शाई घरच्या घरींच केली जात असे. टिपण श्रोत्यांस आवडलें. एकदोघां संग्राहक मित्रांनीं पुढें आपल्या लेखनांत त्याचा आधारहि घेतला. तें सर्व विधान चुकीचें होतें. चूक आमची, तेव्हां ती निस्तरण्याचा भारहि आमच्यावरच. शिवाय ही चूक ज्या मार्गानें झाली, तो मार्ग आमच्यासारख्या संस्कृताभिमानी वाचकांच्या नित्य वहिवाटीचा आहे. म्हणून तिची हकीकत थोड्या विस्तारानें देत आहों.

मूळ नोंद अशी. कीर्द मोडींत असून अक्षर सुवाच्य आहे. दर दोन-तीन महिन्यांनीं एक नोंद पुनःपुन्हां येते. पहिल्या ओळींत ‘दांतवण असामी २’; तिच्या खालीं ‘हिराकस तोळे २’, ‘मायफळ तोळे ४’; मग ‘हिरडे’ आणि शेवटीं पैशांचा आंकडा. (येथील ‘मायफळ’ हें जायफळ नव्हे. बाळगुटीच्या वेळीं सहाणेवर जें कठीण, तुरट, वाटोळें फळ उगाळतात, तें हें. वस्तुतः तें फळ नसून एका प्रकारच्या ओक वृक्षाच्या फांदीवर कीटकाच्या दंशामुळें उठलेली गांठ असते.) हिराकस, मायफळ व हिरडा हीं नांवें एकत्र पाहतांच जुन्या पोथ्यांच्या नादीं लागलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें दौतच उभी राहते. आम्हांसहि शाईच दिसली. ‘असामी २’ म्हणजे अर्थात् शाई वापरणारे दोन लेखक. राहिला ‘दांतवण’ हा शब्द. तो आम्हीं ‘दन्तधावन’ ह्या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश ठरवून, लेखकांस पगाराखेरीज निंबाच्या काड्या मिळत असाव्या, अशी त्याची सोय लावून टाकली.

एवढ्यावरच आम्ही थांबलों नाहीं. शके १८४० च्या उत्तरार्धापासून ह्याच नोंदींत ‘असामी २’ च्या जागीं ‘असामी १’ येऊं लागतें, आणि तें वही संपेपर्यंत तसेंच राहतें. मुद्रणकलेच्या प्रसारामुळें लेखकांचा धंदा बसत चालला व दोहोंपैकीं एक लेखक कमी करावा लागला, असें अनुमान आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें काढलें. सभेंत ह्याच वाक्यास टाळ्या पडल्या होत्या.

गेल्या वर्षीं माळ्यावरील अडगळ काढतांना एक पितळी डबी हातीं आली. आकार करंड्याएवढा, झांकण फिरकीचें, आंत दोन कप्पे. दोहोंच्या तळाशीं काळें, कोरडें किटण धरलेलें. आम्हीं ती मोठ्या कौतुकानें पुड्यांच्या शाईची दौत म्हणून नव्वदीच्या घरांत असलेल्या आमच्या आत्यास दाखविली. तिनें ती हातांत घेतली, झांकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, “अरे, ही आईची दांतवणाची डबी. तुला ही कोठें मिळाली?” आम्हीं विचारलें, “दांतवण म्हणजे दांत घांसण्याची काडी ना?” त्यावर ती हांसली. “काडी कशाची? दांत काळे करायचें तें दांतवण. तुझ्या आजीचे दांत तूं पाहिले नव्हतेस काय?”

आम्हीं ते पाहिले होते. जांभळें खाल्ल्यावर क्षणभर दिसतो तसा, परंतु कधींहि न जाणारा, तो निळसर काळा रंग बाळपणीं रोज पाहिला होता. पाहिलेली वस्तु आणि वहींतला शब्द ह्यांची गांठ मात्र साठ वर्षांत एकदांहि पडली नाहीं.

डबींतील किटणाचा कण आम्हीं पाण्याच्या दोन थेंबांत कालवून कोऱ्या कागदावर रेघ ओढली. ती काळी उमटली. शेजारीं काजळ व डिंक ह्यांच्या शाईची एक रेघ ओढली, आणि दोहोंवर लिंबाचा रस सोडला. काजळाची रेघ होती तशीच राहिली; डबींतली हळूहळू फिकी पडत गेली. लोह आणि तुरट द्रव्य ह्यांच्या संयोगानें झालेली काळिमा आम्लानें अशीच उतरते. (संग्राहकांनीं हा प्रयोग कोऱ्या कागदावरच करावा. पोथीच्या पानावर लिंबू पिळणाराचा हात धरावा.) ह्याच वेळीं एक गोष्ट ध्यानांत आली व तिनें आम्ही अधिकच ओशाळलों. हिराकशीची शाई कालांतरानें तपकिरी पडते आणि पुष्कळदां कागद खाते; अक्षराच्या जागीं अक्षराच्या आकाराची भोंकें पडलेलीं पानें आपल्यांपैकीं अनेकांनीं पाहिलीं असतील. आमच्या घरच्या पोथ्यांची अक्षरें आजहि भुंग्यासारखीं काळीं असून कागद निकोप आहे. म्हणजे ती शाई काजळाची. वहींतील हिराकशीचा तिच्याशीं कांहींएक संबंध नव्हता, आणि हें पोथ्या उघडून पाहिल्या असत्या तर पहिल्याच दिवशीं कळलें असतें.

आतां शब्दाकडे वळूं. ‘दन्तधावन’ ह्यापासून ‘दांतवण’ होऊं शकतो, ह्यांत शंका नाहीं. परंतु ‘वर्ण’ ह्यापासून मराठींत ‘वाण’ झालेला आहे, जसें ‘गव्हाळ वाणाची मुलगी’. तेव्हां ‘दन्तवर्ण’ ह्यापासूनहि ‘दांतवण’ होण्यास ध्वनिशास्त्राची आडकाठी नाहीं. पहिली व्युत्पत्ति दांत स्वच्छ करावयास सांगते, दुसरी रंगवावयास. एकाच शब्दाच्या दोन व्युत्पत्ति जेथें अशा परस्परविरुद्ध दिशांस तोंडें करून उभ्या राहतात, तेथें व्युत्पत्तीनें न्याय मागूं नये. तेथें शब्दाच्या शेजारीं कोणता माल लिहिला आहे, हेंच पाहावें. आम्हीं उलट केलें. शब्दाचें मूळ संस्कृतांत शोधलें आणि त्याच्या खालच्या तीन ओळी दुसऱ्याच कोणाच्या मानल्या.

ह्या चुकीस आणखी एक कारण झालें. दांत म्हटले कीं ते पांढरेच असावयाचे, ही समजूत आम्हीं काव्यांतून उचलली होती. कुन्दकळ्या, मोतीं, डाळिंबाचे दाणे ह्या उपमा विद्यार्थ्यांस शिकवितांना उभा जन्म गेला. परंतु संस्कृत वाङ्मय ह्या बाबतींत वाटतें तितकें एकमुखी नाहीं. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांमध्यें ‘दशनवसनाङ्गराग’ नांवाची एक कला आहे. दांत, वस्त्रें व अंग रंगविणें, असा तिचा रूढ अर्थ. दांतांचें वस्त्र म्हणजे ओठ, अशी कविसंप्रदायांतली खोड लक्षांत घेऊन ‘दशनवसन’ ह्याचा अर्थ ओठ करण्याचा मोह कोणास होईल; आम्हांस पूर्वीं झाला होता. परंतु ओठांस अळता व मेण लावण्याची गोष्ट त्याच ग्रंथांत नागरकाच्या दिनचर्येंत स्वतंत्रपणें आली आहे, आणि तिच्यामागोमाग मुखवास व तांबूलहि आहेत. तेव्हां ‘दशन’ म्हणजे दांतच घेणें आम्हांस सरळ वाटतें. दांत रंगविणें ही एके काळीं शिकण्याजोगी कला होती, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

उलट धर्मशास्त्रांत काळा दांत हा कलंक आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धास वर्ज्य ठरविलेल्या लोकांच्या यादींत कुनखीच्या जोडीला श्यावदन्तक येतो, आणि अकराव्या अध्यायांत सुरापान करणाराला पुढील जन्मीं श्यावदन्तता प्राप्त होते असें सांगितलें आहे. पेयानें दांत काळे पडतात हा विचार म्हणजे किती जुना! मात्र दारूचा डाग ह्या जन्मीं न पडतां पुढच्या जन्मीं पडतो, एवढाच फरक. सुश्रुतानें दन्तरोगांत श्यावदन्तक वेगळा सांगितला असून रक्तमिश्र पित्तानें दांत दग्ध होऊन काळा किंवा निळा पडतो, असें त्याचें निदान केलें आहे. आजचे दन्तवैद्य डागांचे बाहेरचे व आंतले असे दोन वर्ग करितात. मार लागून आंतला गाभा मेला म्हणजे रक्ताच्या अवशेषांनीं दांत आंतून करडा-निळा होतो, हें त्यांचें सांगणें सुश्रुताजवळ ठेवून पाहण्यासारखें आहे. दांतावर सांचणारी शर्करा त्यानें निराळी मोजली आहे. म्हणजे रोगाचा काळेपणा वेगळा, मळ वेगळा, आणि मुद्दाम चढविलेला रंग वेगळा, हा विवेक आपल्याकडे होता. श्रीसमर्थांनींहि दासबोधांत मूर्खाचें एक लक्षण म्हणून दांत, डोळे व नाक सर्वकाळ मलिन असणें हें सांगितलें आहे. तेथें निंदा मळाची आहे, रंगाची नाहीं.

रंग चढविणाऱ्या सर्व खाद्यांत अग्रमान तांबूलाचा. वराहमिहिरानें इसवी सनाच्या सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या गन्धयुक्तीच्या अध्यायांत विड्याचें जें प्रमाण सांगितलें आहे, तें वाचून आमच्या रसायनाच्या शिक्षक मित्रांसहि आश्चर्य वाटलें. चुना बेताचा असेल तर रंग येतो. सुपारी जास्त झाली तर रंग मारला जातो. चुना जास्त झाला तर तोंडास दुर्गंधि येते. पान जास्त झालें तर सुवास चांगला होतो, असा त्याचा आशय. रंगाची किल्ली चुन्याकडे आहे हें त्यानें अचूक हेरलें आहे. सुपारी आणि कात ह्यांतील तुरट द्रव्यें स्वभावतः तांबूस-तपकिरी. चुन्याच्या क्षारानें तीं हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून लाल होतात. तीच लाली दांतावरील लाळेच्या पातळ थरांत मुरते, आणि वर्षानुवर्षें चढत जाऊन शेवटीं काळपट तपकिरी होते.

येथें एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. दन्तकाष्ठ बारा अंगुळें लांब व करंगळीएवढें जाड असावें असें सांगून सुश्रुत म्हणतो कीं, कडूंत निंब श्रेष्ठ आणि तुरटांत खैर श्रेष्ठ. आणि विड्यांतला कात कशाचा? त्याच खैराच्या गाभ्याचा. कोंकणांत खैराचा गाभा उकळून कात काढणारी कातकरी जमात त्या धंद्यावरूनच नांव पावली. एकाच झाडाची डहाळी सकाळीं दांत उजळते आणि त्याचाच गाभा दुपारीं ते रंगवितो, अशी ही सोय.

परदेशीयांच्या नजरेंत आपले दांत भरल्यावांचून राहिले नाहींत. इ. स. १०३० च्या सुमारास अल्‌बेरूनीनें हिंदूंच्या विचित्र वाटणाऱ्या चालींची यादी दिली आहे, तींत सुपारी, पान व चुना चावल्यामुळें ह्यांचे दांत लाल असतात, हें एक कलम आहे. गोव्यांत १५८३ पासून कांहीं वर्षें राहिलेल्या लिन्स्खोटेन ह्या डच गृहस्थानें तर तेथील पोर्तुगीज बायकांसहि पानाचें असें व्यसन लागलें होतें कीं, एक दिवस तें न मिळाल्यास आपण जगणार नाहीं असें त्यांस वाटे, असें लिहून ठेविलें आहे. सर्वांत मौजेची साक्ष मनुचीची. हा व्हेनिसचा तरुण १६५६ त सुरतेस उतरला तों जो तो रक्तासारखें लाल थुंकतांना दिसला. हा ह्या देशींचा कांहीं रोग असावा किंवा येथें दांत उपटून घेण्याची चाल असावी, असें वाटून त्यानें एका इंग्रज बाईस विचारलें. तिनें तें पान असल्याचें सांगितलें व त्यास एक खावयास दिलें. तेव्हां त्याचें डोकें फिरून तो खालीं कोसळला. अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत स्त्रियांचे सोळा शृंगार मोजले आहेत, त्यांतहि पान खाणें हा एक आहे. ज्यांस पाहुणे रक्त समजत, तें घरच्यांस भूषण वाटत होतें.

परंतु हें भूषण सर्वांस मोकळें नव्हतें, आणि आमच्या नोंदीच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें हेंच. ब्रह्मचारी, यति व विधवा ह्यांस तांबूल वर्ज्य, असें धर्मनिबंध सांगतात. म्हणून जुन्या समाजांत तोंड उघडतांच माणसाचा आश्रम कळे. लाल दांत म्हणजे गृहस्थाश्रम. स्त्रियांच्या बाबतींत लालावर काळ्याची भर पडे, ती दांतवणाची.

दांतवणाची क्रिया स्वयंपाकघरांतील कोणासहि समजण्यासारखी आहे. लोखंडी विळीवर चिरलेला आंवळा काळा पडतो. केळफूल सोलतांना बोटें काळीं होतात व विळीचें पातें त्याहून काळें होतें. हिरड्याचें पाणी लोखंडी कढईंत ठेवलें तर सकाळीं शाई तयार. तुरट रस आणि लोह एकत्र आले कीं काळा रंग होतो. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार, मायफळ व हिरडा म्हणजे तुरटपणाचे गोळे. हें मिश्रण प्रथम फिकें दिसतें आणि हवा लागत जाईल तसें काळें होतें. हा अनुभव लेखकाच्या बोरूस जसा, तसाच दांतवण लावून पडवींत बसलेल्या सुनेसहि येत असला पाहिजे. मुसलमान समाजांतील मिस्सी ही ह्याच कुळांतली. दक्षिणेंतील मुसलमानांच्या चालीरीति वर्णन करणाऱ्या व १८३२ त इंग्रजींत छापलेल्या ‘कानून-इ-इस्लाम’ ह्या ग्रंथांत तिचा उल्लेख आहे. आपल्याकडीलच ही चाल असें मात्र कोणीं समजूं नये. जपानांत विवाहित स्त्रिया व दरबारी लोक शिर्क्यांत मुरविलेलें लोखंड आणि मायफळासारख्याच गांठींची पूड ह्यांनीं दांत काळे करीत. तेथील सरकारनें १८७० त सरदार घराण्यांस ही चाल बंद करण्यास सांगितलें, आणि १८७३ त खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दांतांनिशीं लोकांसमोर आली. आपल्याकडे असा हुकूम कोणीं काढला नाहीं. येथें ती चाल वहींतून एकेक असामी कमी होत गेली.

त्या वहीकडे परत येऊं. आत्यानें डबी ओळखल्यावर आम्हीं कीर्द पुन्हां पहिल्या पानापासून वाचली, आणि पूर्वीं जें वगळलें होतें तें दिसूं लागलें. दांतवणाची नोंद एकटी कधींच येत नाहीं. तिच्या वर कुंकू, बांगड्या, फणी, काजळ हा माल असतो; आणि सर्वांच्या माथ्यावर ‘बायकांकडे’ असा मथळा आहे, जो पुष्कळ वेळां मागील पानाच्या तळाशीं पडला आहे. आम्हीं शाईसाठीं हवें तें पान तेवढें उतरून घेतलें होतें. मथळा मागेंच राहिला. आणि ‘असामी २’ म्हणजे घरांतल्या दोन सुना : थोरली, म्हणजे आमची आजी, आणि धाकटी, म्हणजे आजोबांच्या पाठच्या भावाची बायको, जिला आम्ही धाकटी आजी म्हणत असूं.

शके १८४० चा आश्विन-कार्तिक म्हणजे १९१८ सालचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. मुंबई इलाख्यांत इन्फ्लुएंझाची दुसरी लाट त्याच सुमारास आली होती. आमचे धाकटे आजोबा त्या साथींत गेले, हें आम्हांस घरच्या श्राद्धतिथीवरून लहानपणापासून ठाऊक होतें. धाकटी आजी तेव्हां सोळा वर्षांची होती. वहींत त्यांच्या मृत्यूची स्वतंत्र नोंद आहे; तींत लांकडें, तूप, दर्भ, दक्षिणा असा खर्च आहे. त्यापुढील ‘बायकांकडे’ ह्या सदरांत कुंकू असामी १, बांगड्या असामी १, दांतवण असामी १. हिराकस दोन तोळ्यांवरून एक तोळ्यावर आली आहे. अक्षर तेंच, पणजोबांचें, आणि वळण कोठें बिघडलेलें नाहीं. जो आंकडा वाचून आम्हीं मुद्रणकलेच्या प्रसाराचें व्याख्यान दिलें, तो हा.

डबीचे दोन कप्पे दोघींचे असावेत असें आत्या म्हणते. दुसऱ्या कप्प्यांतलें किटणहि खरवडलेलें नाहीं.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असूं. धाकटी आजी तेव्हां पासष्टीच्या पुढें गेली होती, तरी तिचे दांत शाबूत व पांढरेशुभ्र होते. सकाळीं राखुंडीनें ती ते घांशी. एकदां तिला हांसतांना पाहून आम्ही म्हणालों, “धाकटे आजी, तुझे दांत किती छान आहेत! आजीचे बघ कसे काळे.” ती कांहीं बोलली नाहीं, पदर तोंडाशीं धरून आंत गेली. आजीनें आम्हांस जवळ बोलावलें आणि एवढेंच सांगितलें, “असें पुन्हां तिला म्हणूं नकोस हो.” कां, तें सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि पुढें कधीं विचारलें नाहीं.

शके १८४४ च्या अखेरीस त्याच कीर्दींत ‘चहा’ हा शब्द प्रथम दिसतो. आधीं पाहुण्यांच्या खर्चांत, मग आजारपणाच्या. चहाहि तुरटच आणि दांतावर चढणाराच. लोखंडी भांड्यांत ठेवला तर तोहि काळवंडतो. परंतु आपण त्यांत दूध घालतों, आणि दुधांतील एक द्रव्य त्या तुरटपणास बांधून ठेवतें; त्यामुळें आपला चहा कोऱ्या चहाएवढा दांतास लागत नाहीं. धाकट्या आजीस चहा चालत असे, आणि ती तो पितळी वाटींतून दिवसांतून तीनदां घेई. तिच्या दांतांच्या मुळांशीं शेवटच्या दिवसांत एक पिवळट रेघ दिसे, ती चहाची असावी. आजीनें पुढें दांतवण सोडून मिशरी धरली, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, तीहि काळीच. मिशरीचे व विड्याचे परिणाम केवळ रंगापुरते नाहींत, हें आज सर्वांस माहीत आहे. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या अहवालांत तंबाखूवांचून खाल्लेला विडा व नुसती सुपारी ह्यांचीहि कर्करोगजनक पदार्थांत गणना झाली आहे. आमची आजी तोंडाच्याच विकारानें गेली.

ह्या सर्वांवरून आमच्या पूर्वींच्या टिपणांतील तीन विधानें आम्ही परत घेत आहों. आमच्या पणजोबांच्या पदरीं लेखक असल्याचा पुरावा ह्या वहींत नाहीं. घरीं शाई होत असल्याचाहि नाहीं. पोथ्या कोणीं उतरल्या, हा प्रश्न वेगळ्या साधनांनीं सोडवावा लागेल. ज्या मित्रांनीं आमच्या भरंवशावर हीं विधानें उद्धृत केलीं, त्यांनीं कृपा करून तीं आपल्या प्रतींत खोडावीं.

संग्राहक वाचकांस एक विनंति आहे. घरखर्चाच्या वह्या आपण सहसा जतन करीत नाहीं. पोथी ठेवतों आणि कीर्द रद्दींत देतों. आपल्या संग्रहांत अशा वह्या असल्यास ‘हिराकस’ व ‘मायफळ’ ह्या नोंदी पाहाव्या आणि त्या कोणत्या मथळ्याखालीं आहेत तें वरच्या पानासह उतरून घ्यावें. त्यांच्या शेजारीं काजळ, डिंक, बोरू असा माल असेल तर ती शाई. कुंकू, फणी, बांगड्या असतील तर तें दांतवण. असामींचा आंकडा दिला असेल तर तो कोणत्या सालीं व कोणत्या महिन्यांत बदलला, हेंहि टिपावें. तसेंच पोथीच्या पानांच्या कोपऱ्यांवर जे तांबूस डाग असतात, ते सरसकट हिंगुळाचे समजूं नयेत. हिंगुळाचा डाग पृष्ठावर बसतो व चमकतो, विड्याचा कागदांत मुरतो आणि कडेला तपकिरी होतो. आमच्या घरच्या भागवताच्या दशमस्कंधावर असे बोटांचे पुष्कळ ठसे आहेत. ती पोथी विडा खाणाऱ्या कोणा वाचकानें वाचली आहे, म्हणजे धाकट्या आजीनें नाहीं; ती मात्र शेजारीं बसून ऐके, असें आत्या सांगते.

डबी व कीर्द दोन्ही आमच्यापाशीं आहेत. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनीं आधीं कळवून यावें. डबी आत्याच्या देखत उघडली जाईल, अशी तिची अट आहे.